घरातले मांजर पुढच्या दारातून निसटू नये म्हणून

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात दिवसा दार लावून घेण्याची रीत नाही. सकाळी सडा पडला की पुढचे दार जे उघडते ते रात्री निजानीज होताना बंद होते, आणि मधल्या वेळात त्याच दारातून दूधवाला येतो, बचत गटाच्या बाया येतात, शाळेतून पोरे येतात आणि शेतावरचा माणूस डबा न्यायला येतो. अशा घरात मांजर बाहेर जाऊ द्यायचे नाही असे ठरवणे शेजाऱ्यांना विचित्र वाटते. आम्ही ते ठरवले, कारण आमची आधीची मांजर, मनी, भाद्रपदात फवारणी चाललेल्या कपाशीतून घरी आली, रात्रभर तिच्या तोंडाला फेस येत राहिला, अंगाला झटके बसत राहिले आणि पहाटे ती गेली. तिने विष खाल्ले नव्हते. अंगाच्या केसांना लागलेले औषध तिने चाटून काढले होते.

सायपरमेथ्रिन, परमेथ्रिन या वर्गातली औषधे मांजराच्या यकृताला नीट मोडता येत नाहीत, त्यामुळे जी मात्रा कुत्र्याला किंवा गुरांना सोसते ती मांजराचा जीव घेऊ शकते. गोचीड मारायला गुरांच्या अंगाला लावतात ते औषधही बहुतेक वेळा याच वर्गातले असते, म्हणून ज्या दिवशी कोठ्यातल्या गुरांना औषध लावले त्या दिवशी मांजर कोठ्यात जाता कामा नये. याखेरीज गोदामात आणि बांधावर उंदरांसाठी ठेवलेले विष आहे. ते खाऊन सुस्त झालेला उंदीर मांजराच्या हाती सगळ्यात आधी लागतो. रानडुकरांसाठी तारेत सोडलेला वीजप्रवाह आहे, मोकाट कुत्री आहेत, आणि जंगलाला लागून असलेल्या गावांत बिबट आहे. मांजर घरात ठेवण्याचा आग्रह मी ज्या कारणांसाठी धरते ती ही आहेत. पुढे जे सांगते आहे ते मनीनंतर आलेल्या पिंगी आणि चिमी या दोघींना सांभाळताना शिकलेले आहे.

दाराशी मांजर का घुटमळते

मांजराला दाराची ओढ का लागते हे समजल्याशिवाय कडी-कोयंड्यावर केलेला खर्च फारसा उपयोगी पडत नाही. दार ही घरातली सगळ्यात जास्त घडामोडीची जागा असते. तिथून वास येतात, आवाज येतात, तिथेच घरचा माणूस परत येतो, तिथेच तो वाकून मांजराच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि पिशवीतून काढलेला तुकडाही बहुधा तिथेच टाकतो. म्हणजे दाराशी उभे राहिले की काहीतरी चांगले मिळते हे मांजराला आपणच शिकवलेले असते. त्यात मांजर हा संधिप्रकाशात हिंडणारा प्राणी आहे. तांबडे फुटताना आणि दिवेलागणीला त्याचे अंग सगळ्यात जास्त चळवळते, आणि आपल्या गावातल्या घराचे दार सगळ्यात जास्त वेळा उघडते तेही नेमके याच दोन वेळांना. पहाटे सडा, झाडझूड, दूध काढायला जाणे. संध्याकाळी गुरे परतणे, शेतावरची माणसे येणे, देवळात जाणे. या दोन वेळांना दाराकडे लक्ष असले तर अर्धे काम होते.

माझा सगळा भर एका गोष्टीवर आहे. मांजराच्या दृष्टीने दार ही घरातली सगळ्यात नीरस जागा झाली पाहिजे आणि चांगले जे काही घडायचे ते दारापासून लांब घडले पाहिजे.

त्यासाठी पहिला नियम असा की दारात मांजराशी बोलायचे नाही, त्याला उचलायचे नाही, कुरवाळायचे नाही. बाहेरून आल्यावर सरळ मधल्या घरात जायचे, हातपाय धुवायचे, आणि मग तिथे बसून मांजराला जवळ घ्यायचे. बाहेर जाताना निरोपही घ्यायचा नाही. हा नियम ऐकायला सोपा आहे आणि पाळायला सगळ्यात कठीण आहे, विशेषतः मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना. आमच्या आत्याबाई दिवसभर ओसरीत तूर निवडत बसत आणि पिंगी त्यांच्या मांडीशी, म्हणजे उंबरठ्यापासून हातभर अंतरावर, झोपलेली असे. त्यांची बसण्याची जागाच मधल्या घराच्या खिडकीशी नेली तेव्हा पिंगीही तिकडे गेली, आणि दाराशी होणारी तिची धावपळ महिनाभरात निम्म्याहून कमी झाली.

दुसरे काम मांजराला एक ठरावीक जागा शिकवण्याचे. दारापासून लांब, शक्यतो थोड्या उंचीवर, एक पाट किंवा जुने पोते घातलेले स्टूल ठेवावे. दोन्ही वेळच्या जेवणाआधी, मांजर भुकेले असताना, दोन-तीन मिनिटे त्याला तिथे बोलवावे आणि चढले की लगेच शिजवलेल्या कोंबडीचा किंवा मासळीचा नखाएवढा तुकडा द्यावा. आठवडी बाजारात मिळणारे सुकट मांजराला फार आवडते, परंतु ते खारट असते, म्हणून द्यायचेच तर धुऊन, उकळून आणि अगदी थोडे द्यावे. बोलवण्याचा आवाज नेहमी एकच असावा. आम्ही स्टीलच्या वाटीवर चमचा दोनदा वाजवतो. आठ-दहा दिवसांत मांजर वाटीच्या आवाजावर धावत येऊ लागते. मग घरातल्या दुसऱ्या माणसाने आतूनच दाराची कडी वाजवावी आणि त्याच क्षणी आपण वाटी वाजवावी. नंतर दार चार बोटे उघडावे, नंतर वीतभर, नंतर पूर्ण, पण प्रत्येक पायरी मांजर न चुकता पाटावर येऊ लागल्यावरच पुढे न्यावी. असे केल्याने कडीचा आवाज ऐकताच मांजर दाराकडे न येता पाटाकडे वळू लागते. पिंगीला हे तीन आठवड्यांत जमले, चिमीला अडीच महिने लागले. चिमी रस्त्यावरून आणलेली होती आणि तिला बाहेरची चटक होती, तेव्हा अशा मांजराच्या बाबतीत धीर धरावा लागतो.

दाराला मांजर खेटून उभे असेल आणि आपल्याला बाहेर जायचेच असेल, तर मूठभर कोरडा खाऊ किंवा चेंडू घराच्या आतल्या बाजूला फेकावा आणि ते तिकडे वळले की निघावे. ही युक्ती रोज वापरू नये, कारण दाराशी उभे राहिले की खाऊ मिळतो असा उलटा धडा त्यातून मिळतो. घाईच्या वेळेपुरती ती ठीक आहे.

दुसरे दार

सवयी लागेपर्यंत आणि त्यानंतरही चुकीला जागा हवी, आणि ती जागा म्हणजे दोन दारांमधले अंतर. गावातल्या घरांचे सुदैव असे की शहरातल्या सदनिकेत जे मुद्दाम बांधावे लागते ते आपल्याकडे आधीच असते. ओसरी किंवा पडवी. पडवीच्या उघड्या बाजूला जाळी बसवून तिला एक दार केले की मांजर घराच्या दारातून निसटले तरी पडवीत अडकते. नियम इतकाच की दोन्ही दारे एकाच वेळी उघडी असता कामा नयेत. दोन दारांमध्ये किमान चार फूट अंतर असावे, म्हणजे डोक्यावर गाठोडे किंवा हातात पाण्याची बादली असलेला माणूस एक दार लावून मग दुसरे उघडू शकतो. अंतर त्याहून कमी पडले की माणूस दोन्ही दारे एकदम उघडतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

जाळीच्या बाबतीत काटकसर करू नये. नायलॉनची जाळी मांजर दाताने कुरतडते, डासांसाठी लावतात ती बारीक जाळी नखांनी फाटते आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षट्कोनी जाळी काही महिन्यांत सैल पडून कोपऱ्यातून सुटते. एक इंच चौकोनाची वेल्ड केलेली लोखंडी जाळी घ्यावी. मांजराचे डोके जिथून जाते तिथून त्याचे बाकीचे अंगही जाते, आणि पिल्लाला तर दोन इंचाची फटसुद्धा पुरते. बुरुडाकडून बांबूचे तट्टे करून घेतले तर ते स्वस्त पडतात आणि दिसायलाही चांगले दिसतात, पण मांजर त्यावर चढते आणि वरच्या कडेवरून उडी मारते, म्हणून तट्टा लावायचा असेल तर तो छपरापर्यंत न्यावा. कमरेएवढे अर्धे दार किंवा फाटक मांजरासाठी नसल्यासारखेच आहे. धडधाकट मांजर जागच्या जागी उडी मारून दीड मीटर उंची सहज गाठते.

आतल्या बाजूला उघडणारे दार बरे, कारण आपण बाहेरून ढकलताना दारच मांजराला मागे सारते. बाहेर उघडणाऱ्या दाराची कडी नीट बसली नसेल तर मांजर डोक्याने रेटून ते उघडते. दाराच्या खाली फट असेल तर तिथे जाड रबराची पट्टी किंवा लाकडी फळी ठोकावी. कडी खालच्या बाजूला असेल तर मांजर पंजाने ती उचलायला शिकते, म्हणून ती खांद्याच्या उंचीवर असावी. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे जाळीचे दार आपोआप बंद झाले पाहिजे. स्प्रिंगच्या बिजागऱ्या तालुक्याच्या हार्डवेअर दुकानात मिळतात. त्या नसतील तर जुन्या पद्धतीने चौकटीच्या वर एक छोटी गिरकी, म्हणजे कप्पी, बसवून तिच्यावरून दोरी घ्यावी, दोरीचे एक टोक दाराला आणि दुसऱ्या टोकाला अर्धी वीट बांधावी. विटेच्या वजनाने दार मागे येते. वीट लोंबते तिथे लहान मुलाचे डोके येणार नाही एवढी काळजी घ्यावी. आमच्याकडे ही वीट गेली चार वर्षे काम करते आहे.

कवेलूच्या, म्हणजे कौलारू, घरात आणखी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे भिंत आणि छप्पर यांमधली मोकळी जागा. पुढचे दार कितीही पक्के केले तरी आढ्याकडून वाट असेल तर मांजर ती शोधते. ती जागा त्याच जाळीने बंद करावी. विटामातीने बुजवली तर उन्हाळ्यात घराची हवा कोंडते.

येणारी-जाणारी माणसे

दाराचे काम सुताराचे आहे, पण दार उघडे टाकण्याचे काम माणसे करतात. पहिल्या महिन्यात शेजारच्या काकू जाळीच्या दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "दिवसाढवळ्या दार काऊन लावून घेतलं वो बाई?" गावात बंद दाराचा अर्थ घरात कोणी नाही, किंवा घरात काही वाईट झाले आहे, किंवा घरच्यांना माणसे नकोशी झाली आहेत, असा होतो. म्हणून मी लाकडी दार दिवसभर उघडेच ठेवते आणि जाळीचे दार लावते. आतले दिसते, हाक ऐकू येते, वारा येतो आणि कोणाचा अपमान होत नाही. दोन दारांची शिस्त दिवसा आतल्या बाजूला, ओसरी आणि मधले घर यांमधल्या दाराने पाळली जाते. गावात मांजर घरात ठेवू पाहणाऱ्याने भिंत न बांधता जाळी लावावी असे माझे ठाम मत आहे, कारण जी व्यवस्था शेजाऱ्यांना दुखावते ती फार दिवस टिकत नाही.

नेहमीच्या माणसांना एकदा बसवून, चहा देऊन, कारण सांगावे. मनीचे काय झाले ते मी दूधवाल्याला सांगितले तेव्हापासून तो दाराबाहेर सायकलची घंटी वाजवतो आणि दुधाचे माप जाळीच्या बाहेरच घेऊन उभा राहतो. पाटी लावायची असेल तर ती कडीच्या अगदी वर, डोळ्यांच्या रेषेत लावावी. 'मांजर आत आहे, दार ओढून घ्या' एवढाच मजकूर पुरे. मुलांना नियम सांगण्यापेक्षा काम द्यावे. आमच्या पुतण्याकडे संध्याकाळी 'मांजर कुठे आहे ते पाहून मोठ्याने सांगणे' हे काम आहे, आणि त्याच्या तोंडून 'दोघी पाटावर' असे ऐकल्याशिवाय कोणी मोठे दार उघडत नाही.

स्वतः ये-जा करतानाची रीतही ठरवून घ्यावी. आत येताना दार आधी वीतभर उघडून खाली पाहावे, हातातली पिशवी गुडघ्याच्या उंचीवर पुढे धरावी आणि आडवे होऊन आत शिरावे. बाहेर पडताना घराकडे तोंड करून पाठमोरे निघावे, म्हणजे नजर मांजरावर राहते. बाहेर पडतानाच मांजर जास्त निसटते, कारण तेव्हा ते आपल्या पायांपाशी आणि आपली नजर रस्त्याकडे असते.

दोन प्रसंग आमच्याकडे वारंवार घडतात आणि दोन्ही धोक्याचे आहेत. एक म्हणजे रात्री मोटरसायकल ओसरीत घेणे. त्यासाठी दोन्ही दारे सताड उघडावी लागतात आणि माणसाचे दोन्ही हात गाडीला असतात, म्हणून गाडी आत घेण्याआधी मांजराला मधल्या घरात घालून तिथली कडी लावावी. दुसरे म्हणजे ओलिताच्या दिवसांत, शेतीची वीज रात्री येते तेव्हा, घरचा माणूस मध्यरात्री उठून अर्धवट झोपेत मोटर सुरू करायला निघतो. त्या वेळी घर अंधारात असते, मांजर पूर्ण जागे असते आणि माणूस सर्वात कमी सावध असतो. दाराशी खिळ्याला टॉर्च टांगून ठेवावा आणि निघण्याआधी तो जमिनीवर फिरवावा. मांजराच्या डोळ्यांच्या मागच्या थरावरून प्रकाश उलटतो, त्यामुळे ते कोपऱ्यात दबा धरून बसले असले तरी लगेच दिसते. गळ्यातल्या पट्ट्याला बारीक घुंगरू असले तर अंधारात त्याचाही उपयोग होतो. पट्टा मात्र ओढ बसली की सुटणारा असावा, नाहीतर फांदीत किंवा जाळीत अडकून गळफास बसतो.

सण, सुगी आणि उन्हाळा

काही दिवस असे असतात की दार सांभाळणे शक्यच नसते, आणि त्या दिवशी सांभाळण्याचा प्रयत्नही करू नये. पोळ्याला बैलजोडी पूजेसाठी दारात येते, दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन पोरांच्या टोळ्या बोजारा, म्हणजे पैसे-खाऊ, मागत घरोघर फिरतात, महालक्ष्म्यांच्या जेवणाला पन्नास माणसे उठतात-बसतात, दिवाळीत फटाके वाजतात. अशा दिवशी सकाळीच मांजराला मागच्या एका खोलीत ठेवावे. तिथे पाणी, खाणे, वाळूचे घमेले, त्याचे नेहमीचे अंथरूण आणि लपायला एक आडवे ठेवलेले खोके असावे, दाराला बाहेरून कुलूप घालावे आणि किल्ली एकाच माणसाकडे ठेवावी. नुसती कडी लावली तर कोणीतरी पाहुणा पाट किंवा सतरंजी आणायला ती खोली उघडतोच.

कापूस घरात येतो तेव्हाही हीच व्यवस्था करावी. दार तासन् तास उघडे असते, आणि वरून पुढच्या खोलीतल्या मऊ कापसाच्या ढिगात मांजराने घाण केली तर घरात मांजराविषयी कोणाच्याही मनात माया उरत नाही.

उन्हाळा हा आपल्याकडचा सगळ्यात कठीण काळ. पारा 45 अंशांच्या आसपास जातो, मेअखेरच्या नवतपात रात्रीही भिंती तापलेल्या असतात आणि दार बंद ठेवा असे कोणाला सांगण्याची सोय नसते. जाळीच्या दाराचा खरा उपयोग तेव्हा कळतो. अंगणात झोपणाऱ्यांनी आत-बाहेर करताना आतले दार लावण्याची आठवण एकमेकांना द्यावी. कूलर खिडकीत बसवताना चौकटीच्या बाजूला राहणारी फट प्लायवूडने बंद करावी आणि पावसाळ्यात कूलर काढल्यावर त्या खिडकीची जाळी त्याच दिवशी परत लावावी. आमची चिमी दारातून न जाता एकदा याच खिडकीतून गेली होती.

घरात काय असावे

मांजर घरात रमले नाही तर ते आयुष्यभर दाराकडेच पाहत राहील. त्याला चढायला उंच जागा हवी, बाहेर बघायला जाळीची खिडकी हवी आणि नखे घासायला काहीतरी हवे. बाभळीच्या ओंडक्याला सुतळी घट्ट गुंडाळून तो उभा रोवला की ते उत्तम होते. मांजर ताणून उभे राहील एवढी, म्हणजे अडीच-तीन फूट उंची असावी. विधीसाठी चाळलेली वाळू किंवा कोरडी माती घमेल्यात ठेवावी, रोज साफ करावी, आणि जितकी मांजरे त्याहून एक घमेले जास्त ठेवावे. कुंडीत गहू पेरून दिले तर ते कोवळी पाती आवडीने खाते.

याहून महत्त्वाचा आहे खेळ. काडीला दोरी आणि दोरीला कोंबडीचे पीस बांधून, पहाटे दार उघडण्याआधी आणि संध्याकाळी गुरे येण्याआधी, दहा-पंधरा मिनिटे मांजराला दमेपर्यंत खेळवावे. पीस उंदरासारखे पळवावे, लपवावे, शेवटी पकडू द्यावे आणि लगेच जेवण घालावे. शिकार, खाणे, अंग चाटणे आणि झोप हा त्याचा स्वाभाविक क्रम आहे, त्यामुळे दार उघडण्याच्या वेळी ते झोपेला आलेले असते. मला विचाराल तर सगळ्या उपायांमध्ये सर्वात कमी खर्चाचा आणि सर्वात गुणकारी उपाय हाच.

शस्त्रक्रियेचा विषय टाळून चालणार नाही. भाटी, म्हणजे मादी मांजर, चार-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, गाभण राहिली नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येते, आणि त्या दिवसांत ती रात्रंदिवस ओरडते व कोणत्याही फटीतून बाहेर पडू पाहते. एकदा निसटली तर साधारण 63 ते 65 दिवसांनी घरात पिल्ले असतात. बोक्याला तर लांबूनही ओढ लागते. नसबंदी केल्यावर भाटीची ही तडफड थांबते आणि बोक्याचे भटकणे बहुतेक वेळा काही आठवड्यांत कमी होते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गुरांचे काम अधिक असते, म्हणून मांजराची शस्त्रक्रिया होते का ते आधी विचारून घ्यावे. नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात आणि अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेत लहान प्राण्यांवर उपचार होतात. तीन महिन्यांच्या वयाला रेबीजची लस द्यावी आणि पुढे पशुवैद्य सांगतील तेव्हा ती पुन्हा द्यावी. मांजर घरातच असते म्हणून लस नको असे म्हणू नये, कारण निसटण्याचा एक दिवस कोणाच्याही घरी येऊ शकतो.

काय करू नये

उंबरठ्यावर तिखट टाकणे, फिनाइल शिंपडणे, डांबराच्या गोळ्या ठेवणे हे उपाय गावात सर्रास सांगितले जातात. ते करू नयेत. तिखटाने डोळे आणि नाक जळते, फिनाइलमधली फिनॉलची द्रव्ये पंजाला लागून चाटली जातात आणि मांजराच्या यकृताला ती सोसत नाहीत, डांबराच्या गोळ्या तर सरळ विषारी आहेत. वास वापरायचाच असेल तर संत्र्याची ताजी साल ठेवावी. मांजराला तो वास नकोसा असतो आणि आपल्याकडे आंबिया बहाराची संत्री आली की सालींना तोटा नसतो. साल वाळली की परिणाम संपतो, तेव्हा तिच्यावर फार विसंबू नये, आणि संत्र्याचे तेल मात्र कधीही वापरू नये. दाराशी आले म्हणून मांजराला मारणे, त्याच्यावर पाणी ओतणे किंवा झाडू उगारणे यानेही दाराची ओढ जात नाही. मांजर फक्त माणूस पाहत नसेल तेव्हा जायला शिकते. गळ्यात दोरी बांधून खांबाला बांधण्याचा विचारसुद्धा करू नये.

निसटलेच तर

मांजर बाहेर गेलेले दिसताच त्याच्या मागे पळू नये आणि नाव घेऊन ओरडूही नये. पाठलाग झाला की ते आणखी लांब जाते. जागच्या जागी खाली बसावे, नजर दुसरीकडे वळवावी आणि वाटी वाजवावी. पाटाचे शिक्षण झालेले मांजर बरेचदा एवढ्यावर परत येते. त्याच वेळी घरातल्या दुसऱ्याने गल्लीतली कुत्री हाकलावीत.

ते दिसेनासे झाले तर लांब शोधायला निघण्याआधी घराभोवतीचा प्रत्येक आडोसा वाकून पाहावा. घरात वाढलेले मांजर बाहेर पडले की घाबरते आणि बहुधा पहिल्याच मिळालेल्या आडोशाला शिरून गप्प बसते, मालकाच्या हाकेलाही उत्तर देत नाही. कोठ्यातली गव्हाण, कुटाराचा म्हणजे भुशाचा ढीग, पऱ्हाट्यांची म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांची गंजी, उभ्या बैलबंडीखालची जागा, शेजाऱ्यांचा माळा, रस्त्यावरच्या नालीवरची फरशी, या सगळ्या ठिकाणी पाहावे. चिमी निसटली तेव्हा आम्ही दोन दिवस गावभर फिरलो आणि ती आमच्याच पऱ्हाट्यांच्या गंजीत, दारापासून वीस पावलांवर, बसून होती. दिवसा सापडले नाही तर रात्री दहानंतर, गाव शांत झाल्यावर, टॉर्च घेऊन तेच आडोसे पुन्हा पाहावेत. दाराबाहेर त्याचे अंथरूण आणि थोडे वासाचे खाणे ठेवावे, पडवीचे दार उघडे ठेवून कोणीतरी आत जागे बसावे आणि मांजर आत शिरले की दोरीने दार ओढून घ्यावे. सरपण किंवा पऱ्हाट्या चुलीसाठी काढणाऱ्या बायांना, गुराख्याला आणि ज्यांच्या शेतात फवारणी चालू आहे त्यांना त्याच दिवशी निरोप द्यावा.

परत आल्यावर आधी अंगाला औषधाचा वास येतो का ते पाहावे. येत असेल तर त्याला चाटू न देता साबणाच्या कोमट पाण्याने धुवावे, कोरडे करावे आणि लगेच पशुवैद्याकडे न्यावे. चाव्याची जखम असेल तर रेबीजच्या लशीविषयी विचारावे, आणि पकडताना आपल्याला चावले किंवा ओरबाडले असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. मांजराला रागावू नये. ज्याच्या हातून दार उघडे राहिले त्यालाही रागावू नये, मग ते लहान मूल असो की म्हातारे माणूस, कारण बोलणी बसली तर पुढच्या वेळी ते लगेच सांगणार नाही, आणि मांजर अजून दाराच्या आसपासच असण्याचा पहिला अर्धा तास हातचा जाईल.